बिनजोडीचा वायसर

मंगळवारी सकाळी टेलरबाई कोट कापायला कात्री घेऊन पुढच्या खोलीत आल्या, तर त्यांच्या कटिंगच्या टेबलावर एक इंजिन बसलेलं. बसलेलं म्हणजे अगदी चार दिवस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं ऐसपैस, शिवाय खालून काळं तेल गाळत.

“हे काय आहे?”

“इंजिन, आई,” लेक पाना शोधत म्हणाला. “मोटरसायकलचं.”

“ते दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे. माझ्या टेबलावर काय करतंय, ते विचारतेय.”

“खाली बसून काम केलं की माझी कंबर धरते गं.”

“आणि माझी कंबर काय भाड्याने आणलीय? मी कोट कुठे कापू, तुझ्या पाठीवर?”

लेक हसला. हसला म्हणजे टेबल गेलं, हे टेलरबाईंना अनुभवाने माहीत होतं. त्याचे वडीलही असंच हसायचे आणि मग जे हवं ते करून मोकळे व्हायचे.

लेकाला तरी दुसरा इलाज नव्हता. तो ज्या गोदामात स्टोअरकीपर होता ते गोदाम गावाबाहेर हललं होतं, पार वीस किलोमीटरवर, आणि तिकडून परतीची शेवटची बस त्याची पाळी संपायच्या तासभर आधीच सुटायची. साहेबांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपासून एक तर स्वतःच्या गाडीने या, नाहीतर कंपनीची खोली घ्या आणि बायकोमुलीला घेऊन तिकडेच राहा.

“जा की,” टेलरबाई त्यावर म्हणाल्या होत्या. “माझं घर मोकळं होईल. जरा पाय पसरून बसेन.” हे त्यांनी लेकाला सांगितलं, सुनेला सांगितलं, माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. पण शाळेतून आल्या आल्या नात शिलाई मशीनजवळच्या ज्या कोपऱ्यात चिंध्यांच्या बाहुल्या करत बसायची, त्या कोपऱ्याकडे बघायचं त्या दोन दिवस टाळत होत्या.

म्हणून ही मोटरसायकल. एका वखारीत ती नऊ वर्षं उभी होती आणि तिच्या फाटक्या सीटमध्ये एक कोंबडी नेमाने अंडी घालत होती. वखारवाला म्हणाला, “इंजिन उघडून तेवढं साफ करा, वाऱ्यासारखी पळेल.” मग त्याने स्वतः का नाही उघडलं, हे विचारायचं लेकाला सुचलं नाही. टेलरबाईंना सुचलं, पण तोवर सौदा झाला होता.

संध्याकाळपर्यंत इंजिनाचे तुकडे तुकडे झाले. लेक मोबाइलवर एका परदेशी माणसाचं बघून एकेक भाग सोडवत होता. त्या माणसाचं बोलणं त्याला कळत नव्हतं, हात कळत होते. निघालेला प्रत्येक भाग तो एका जुन्या चादरीवर निघाल्या क्रमाने ओळीत मांडत गेला. झाकण, त्याचे स्क्रू, मग क्लचच्या चकत्या, मग आतलं काय काय. चादर भरली तशी त्याने कमरेवर हात ठेवून सगळ्यांना बजावलं, “कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही.”

‘कुणीच नाही’ म्हणताना त्याने कुणाकडे पाहिलं, ते टेलरबाईंच्या लक्षात आलं. ज्या घरात तीस वर्षं त्यांच्याशिवाय सुई हलली नाही, तिथे त्यांना हात लावायची बंदी! त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की सून सावध होत असे. पण बुधवारी सुनेला नातीच्या शाळेत जायचं होतं, आणि तिथेच घात झाला.

बुधवारी दुपारी कोटाच्या गिऱ्हाइकाची ट्रायल होती. माणूस बँकेतला, कपड्यांवर डाग पडेल म्हणून चहासुद्धा मान पुढे काढून पिणारा. तो येणार आणि टेबलावर हा काळा बाजार! टेलरबाईंनी पदर खोचला. रॉकेल घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि एकेक तुकडा असा लख्ख घासला की कारखान्यातसुद्धा इतका चमकला नसेल. मग ते सगळं ठेवायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घरात बटणांचे अकरा डबे होते आणि बटणं कशी लावायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बारीक बारकांत, मोठी मोठ्यांत, जाड वेगळी, पातळ वेगळी. तासाभरात इंजिन डब्यांत गेलं आणि चादर धुऊन दोरीवर वाळत पडली.

राहता राहिला एक वायसर. पातळ, गुळगुळीत, रुपयापेक्षा थोडा मोठा. त्याला जोडीच नव्हती. कुठल्याही डब्यात टाकावा तर तो उपरा दिसत होता. एकट्या बटणाला टेलरबाईंच्या हिशेबी काही किंमत नसे, त्याचं एक तर काहीतरी करायचं नाहीतर टाकून द्यायचं. मशीनचं खालचं मोठं चाक कितीतरी वर्षं डुगडुगत होतं आणि पायडल मारलं की खटखट वाजत होतं. त्यांनी चाक सोडवलं, वायसर घालून पाहिला. अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला. मशीन मांजरासारखं मुकाट चालायला लागलं.

संध्याकाळी लेक आला. टेबलाकडे पाहिलं, दोरीवरच्या चादरीकडे पाहिलं, आणि मटकन स्टुलावर बसला.

“आई… हे सगळं क्रमाने लावलं होतं.”

“आता आकाराने लावलंय. आधी काय होतं, नुसता पसारा!”

“अगं, कुठला स्क्रू कुठला, आता कसं कळणार?”

“मापाने. माझ्याकडे दहा गिऱ्हाइकांची बटणं असतात, कधी एकाचं दुसऱ्याला लागलंय?”

लेकाने कपाळाला हात लावला. सून ओठ घट्ट मिटून आत गेली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिच्या पाठीवरून कळलं नाही.

गुरुवारी मिस्त्रींना बोलावणं गेलं. मिस्त्री मागच्या गल्लीतले, गॅरेज बंद करून घरी बसलेले. डोळ्यांना आता कमी दिसायचं, पण बोटांना सगळं दिसायचं. डबे उघडून त्यांनी आत हात फिरवला.

“बाई, आयुष्यात एवढं स्वच्छ इंजिन पाहिलं नाही हो.”

“बघ,” टेलरबाई लेकाला म्हणाल्या.

“आणि एवढं विस्कटलेलंही नाही,” मिस्त्रींनी पुरवणी जोडली.

दोन दिवस दोघं राबले. एक स्क्रू लांब पडायचा, दुसरा आखूड. पिस्टन बसला, हेड बसलं, शुक्रवारी संध्याकाळी क्लच चढला, आणि मिस्त्रींनी तो दोन बोटांत धरून हलवला. क्लच दांड्यावर मागेपुढे सरकत होता.

“मागे एक वायसर असतो. तो नाहीये.”

“कसला?” टेलरबाईंनी सहज विचारलं.

“पातळ, गुळगुळीत. एवढा.” मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनी वाकवून दाखवली. “एकच असतो. आता मिळत नाही. ही गाडी बनवणारेच उठले.”

टेलरबाईंची नजर मशीनच्या खालच्या चाकाकडे गेली. तीस वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते, ते आता एकदम मिस्त्रींसमोर कसे निघणार? बरं, सांगायचं तरी काय? की तुझी नोकरी, तुझं घर माझ्या मशीनच्या चाकात बसलंय म्हणून?

तेवढ्यात लेक सुनेवर घसरला. “खोली कोण झाडतं? तू! केराबरोबर गेला असेल!”

सुनेने केराची बादली अंगणात उपडी केली, बोटांनी केर चिवडला, हात धुतले. आणि शनिवारी सकाळी तिने पलंगाखालून बॅग ओढून नातीचे कपडे भरायला घेतले.

“एवढी घाई कसली?” टेलरबाई म्हणाल्या.

“सोमवार काही आपल्यासाठी थांबत नाही, आई.” तिने फ्रॉकची घडी घातली. “तुमचं घर मोकळं होईल.”

टेलरबाईंना आपलंच वाक्य असं घडी घालून परत मिळालेलं सोसवेना. त्यांनी सुनेला दुकानात पाठवलं, नातीला तिच्यामागे धाडलं आणि दार लावून मशीनखाली शिरल्या.

दुपारी मिस्त्री आले तेव्हा टेलरबाई हातात झाडू घेऊन कपाटापाशी उभ्या होत्या. “सापडला! कपाटाखाली होता. केरात गेला म्हणे! माझी सून कपाटाखाली झाडतच नाही, म्हणून राहिला.”

सुनेची पिशवी हातातल्या हातात राहिली. मिस्त्रींनी वायसर घेतला, बोट फिरवलं, नाकापाशी नेला. मग त्याला गुंडाळलेला निळा दोरा हळूच उलगडून टेबलावर ठेवला. अगदी बँकवाल्याच्या कोटाचा निळा.

“कपाटाखाली शिवणकाम चालतं का हो, बाई?”

“उंदीर आहेत,” टेलरबाई म्हणाल्या.

“मशीनचं तेल लावणारे?”

“तुम्ही गाडी बसवा हो मिस्त्री! उंदरांचं मी बघते.”

सून खाली बघत पिशवी घेऊन आत गेली. आतून बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत होता आणि भांडं एकही घासलं जात नव्हतं.

रविवारी सकाळी इंजिन गाडीत चढलं आणि गाडी अंगणात उभी राहिली. बाटलीतलं थोडं पेट्रोल टाकीत ओतलं. लेकाने कीक मारली. काही नाही. वीस मारल्या, तीस मारल्या. घामाने शर्ट अंगाला चिकटला. मिस्त्रींनी प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. शेजारपाजारचे कुंपणाला टेकून सल्ले देऊ लागले. बाहेर आणून ठेवलेल्या बॅगेवर नात बसली होती. टेलरबाई दारात उभ्या होत्या आणि मनातल्या मनात त्या कोंबडीने बाटवलेल्या गाडीची विनवणी करत होत्या. एवढ्या लाचारीने त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

एकेचाळिसाव्या कीकला गाडी खोकली. बेचाळिसाव्याला जी फुटली, ती अख्खी गल्ली दणाणून! काळ्या धुराचा लोट दोरीवरच्या धुतल्या चादरीतून आरपार गेला. लेक ओरडत होता, मिस्त्री टाळ्या वाजवत होते, नात बॅगेवर उभी राहून नाचत होती. सून मात्र हसत हसत डोळे पुसत होती.

टेलरबाई हळूच तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार, असा त्यांनी विचार केला. समोर गाडीकडेच बघत त्यांनी तोंड उघडलं आणि मोकळ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, “वायसर मीच घेतला होता गं मशीनला. तुझ्यावर आळ आला तेव्हा गप्प बसले. माझं—”

टाकीतलं पेट्रोल संपलं. गाडी फट् करून बंद पडली.

“—चुकलं!” हा शब्द तेवढा साऱ्या अंगणात खणखणीत वाजला.

टाळ्या थांबल्या. कुंपणावरच्या माना वळल्या. लेक गाडीवर बसल्या बसल्या आ वासून आईकडे बघत राहिला. मिस्त्रींनी चष्मा काढला आणि तो मुळीच मळलेला नसताना पुसायला घेतला.

सून सावकाश त्यांच्याकडे वळली. चेहरा अगदी गरीब.

“काय म्हणालात, आई? आवाजात नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा म्हणता का?”

टेलरबाईंनी पदर सारखा केला. नातीला बॅगेवरून खाली उतरवलं, बॅग उचलून सुनेच्या हातात दिली आणि घराच्या दाराकडे बोट दाखवलं.

“हे कपडे आधी कपाटात लाव,” त्या म्हणाल्या, आणि लेकाकडे वळल्या. “आणि तू काय बघत बसलायस? पेट्रोल घाल, गाडी सुरू कर. मग म्हणते.”