सॉरी या शब्दाने दरबारी चाकरी केली, त्याची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांनी कान द्यावा, न ऐकणारांनी निदान खोकू नये. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, अमुक राज्याचे धनी श्रीमंत बाळराजे यांचे हातून आगळीक जाहली, ती ऐसी की, ज्या राधूआईने अंगावर पाजून त्यांस वाढविले ती अंथरुणास खिळली आणि "बाळाला बोलवा" म्हणाली, आणि श्रीमंत बुद्धिबळाचा डाव टाकून उठले नाहीत, आणि मग आई गेली. तिचे पुत्र, श्रीमंतांचे दूधभाऊ हैबतराव, दरबार सोडून घरी बसले आणि मुलूख सोडावयाची तयारी करू लागले. श्रीमंतांस अन्न गोड लागेना. परंतु त्या दरबारचा शिरस्ता ऐसा की, गादीवरून "चुकलो" हा शब्द निघू नये. वाडवडिलांनीच घालून ठेविलेला, आता करता काय!

मग अंतोबा वाकनीस यांस विलायतेस धाडिले की, गादीस कमीपणा न येता माफी मागता येईल ऐसा शब्द आणावा. अंतोबा मुलूखोमुलूख हिंडून आले आणि वर्तमान सांगते जाहले, "इंग्रजांपाशी सॉरी म्हणोन शब्द आहे. धक्का देणारा म्हणतो आणि खाणाराही म्हणतो. ऐकू न आले तरी तोच, आणि कोणाचे घरी मयत जाहले तरी तोच. वलंदेजांनी, म्हणजे हॉलंडवाल्यांनी, तो घरचाच करून टाकिला. जर्मन आणि डेन्मार्कवालेही बोलतात, परंतु पाय तुडविला, थोडका उशीर जाहला, इतक्यापुरताच. मोठी आगळीक असता आपला घरचा शब्द काढितात." श्रीमंतांस निम्मेच ऐकावयाची खोड. म्हणाले, "मयतीला चालतो ना? झालं तर मग."

मग चोपदाराने हैबतरावांचे दारी उभे राहोन खणखणीत आवाजात सॉरी पुकारिले. हैबतराव टेम्पोत भांडी भरीत होते. म्हणाले, "महाराजांना सांगा, माझा पाय कोणी तुडवला नाही." आणि पुन्हा भांडी भरू लागले. हे ऐकोन श्रीमंत तसेच उठोन पायी निघाले आणि हैबतरावांचे उंबऱ्याशी येऊन थबकले.

"हैबत्या, आई माझं नाव घेत होती का रे?"

"घेत होती. बाळ आला का, म्हणून विचारायची. मी सांगायचो, वाटेत आहे."

श्रीमंत तेथेच उंबऱ्यावर बसले आणि शिरस्ता बाजूस ठेवोन बोलिले, "चुकलो रे. माझं फार चुकलं."

"हे तिला सांगायचं होतं, महाराज," हैबतराव म्हणाले, आणि टेम्पोतली भांडी उतरवू लागले.

ऐसे वर्तमान जाहले. सॉरी हा शब्द त्या राज्यात राहिला, धक्काबुक्कीच्या कामी येतो. हैबतरावही राहिले, परंतु दरबारात पुन्हा आले नाहीत. श्रीमंतच त्यांचे घरी जातात, आणि बोलावणे येण्याची वाट पाहत नाहीत.