ढोलेभाऊंचं अर्धं गाणं

आमचे शेजारी ढोलेभाऊ अर्धंच गाणं गातात. पुरुषाच्या ओळी आल्या की तोंड मिटून उभे राहतात, बाईच्या ओळी आल्या की डोळे मिटून गातात. सहा फूट उंची, मिशांवर लिंबू ठरेल असा थाट, आणि गळ्यातून निघतो तो थेट नव्या नवरीचा आवाज. पहिल्यांदा ऐकणारा माणूस त्यांच्या पाठीमागे कोण उभं आहे ते वाकून बघतो.

ही कला त्यांनी दारव्ह्याच्या ऑर्केस्ट्रात कमावली. त्या काळी दुर्गोत्सवात गावोगावची बोलावणी यायची. वाद्यं होती, हौस तर उतू जात होती, फक्त गायला बाई नव्हती. सिनेमाची गाणी गायला आपली मुलगी ट्रकमध्ये बसवून परगावी कोण पाठवणार? मग बाईचा आवाज ढोलेभाऊंनी काढायचा आणि पुरुषाचा त्यांचे जिवलग, नेरचे गुलाबराव यांनी. ढोलेभाऊ पडद्याआड उभे राहायचे. बाई बघायला लोक पडद्याखालून डोकावायचे, तेव्हा त्यांना दहा नंबरच्या चपला दिसायच्या. गुलाबरावांचा आवाज भरदार, पण दुसऱ्या कडव्याला ताल हमखास चुकायचा आणि पडद्याआडून त्यांच्या बरगडीत एक कोपर बसायचं.

"एका गावात तं मले साडी बक्षीस भेटलती," हे ढोलेभाऊ अजून सांगतात.

"मग तिचं काय केलंत?"

"लग्नात बायकोले देल्ली ना जी. फुकट कायले जाऊ द्याची?"

त्यांच्या मते गाण्याचा इतिहास अगदी सोपा आहे. आधी ऑर्केस्ट्रा आला, मग टेपरेकॉर्डर आला, मग सत्यानाश आला. कॅसेटमध्ये खरी बाई गाऊ लागली, तसे ढोलेभाऊ मुकाट्याने जिल्हा परिषदेत कारकून झाले. आता गल्लीतून डीजे गेला की ते छातीवर हात ठेवून म्हणतात, "हे गाणं नोहे जी, हे बुक्क्या मारणं व्हय."

सध्या आमच्या यवतमाळात कराओकेची साथ आहे. जन्मभर बायकोशी एक वाक्य गोड न बोललेले सेवानिवृत्त अधिकारी कोट चढवून प्रेमगीतं गातात. गळा नसला तरी मशीनमध्ये इको असतो, त्यामुळे गळ्याची कोणी चौकशी करत नाही. मीही त्यातलाच. बँकेतून निवृत्त झालो आणि आपण गायक आहोत हे मला कळलं. बायकोला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गुलाबरावांना लकवा मारला. चालणं हळूहळू परत आलं, वाचा मात्र गेली ती गेलीच. बायकोचं नावसुद्धा तोंडातून फुटेना. डॉक्टर कधीतरी म्हणाले की बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो, आणि ढोलेभाऊंनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते गॅलरीत फोन घेऊन बसतात, नेरला बाईच्या ओळी ऐकवतात आणि गुलाबरावांच्या ओळींसाठी थांबतात. पलीकडून नुसता श्वास येतो. आमच्या बिल्डिंगला अर्ध्या गाण्यांची सवय झाली आहे.

आमच्या कराओके क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात माझ्यासोबत गायला एकही महिला सदस्य तयार होईना. कारणं घरगुती होती, असं मी समजतो. शेवटी ढोलेभाऊंना गाठलं. "भाऊ, बाईच्या ओळी तुमच्या, पुरुषाच्या माझ्या."

"नाही जमत जी. ते जागा भरलेली हाये."

आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते एकटेच स्टेजवर गेले, हातात फोन. यांना स्वतःची कीर्ती रेकॉर्ड करायची असेल, असं मला वाटलं. बाईच्या ओळी झाल्या. पुढे नुसतीच वाद्यं वाजत राहिली आणि ढोलेभाऊ फोन कानाला लावून उभे. लोक हसू लागले. पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्या कडव्याला माझ्यातल्या गायकाला राहवेना. मी दुसरा माइक उचलला, स्टेजवर चढलो आणि सुरू झालो.

ढोलेभाऊंनी भला थोरला पंजा माझ्या माइकवर दाबला. "थांबा ना जी! तो गाऊन राह्यला तिकडे."

आणि फोन माझ्या कानाला लावला.

घोगरा, फाटका आवाज होता. एक शब्द यायचा, दोन गळायचे. सूर कुठल्या कुठे होता. वाद्यं पुढे निघून गेली होती आणि हा माणूस धापा टाकत मागून येत होता. पण शब्द गाण्यातले होते. त्या आवाजामागे कोणीतरी बाई हुंदके देत होती. त्या दिवशी क्लबमध्ये तेवढा एकच खरा गायक होता असं मला वाटलं.

ढोलेभाऊंनी फोन ओढून घेतला आणि भर सभेत ओरडले, "ताल चुकला ना बे, गुलब्या! आजबी त्याच जाग्यावर चुकते तू!"

मग पाठ फिरवून खिशातून रुमाल काढला आणि ओल्या मिशा पुसत राहिले.