नकाशात नसलेला खडक

एका जंगलात समुद्र शिरला होता. हसू नका, शिरतो. त्याला खाडी म्हणतात. अर्धं जंगल अलीकडे, अर्धं पलीकडे, आणि मध्ये खारं पाणी. आता शेंगा खाली ठेवा आणि नीट ऐका, कारण मी पुन्हा सांगणार नाही.

या जंगलाचा राजा सिंह होता, पण तो जंगलात राहत नव्हता. तो सात समुद्रांपलीकडे राहायचा. तिथून त्याने एक मेंढा पाठवला होता. सगळे त्याला लाटसाहेब म्हणत. भर वैशाखात अंगभर लोकर घालून तो कचेरीत बसायचा आणि घामाघूम होऊन हुकूम काढायचा.

खाडीत धाकू तांडेल नावाचं एक पाणमांजर मचवा चालवायचं. मचवा म्हणजे मोठी शिडाची होडी, आणि तांडेल म्हणजे ती हाकणारा. धाकूच्या मचव्याचं नाव होतं ‘दर्यादौलत’. खाडीच्या मधोमध एक काळा खडक होता. तो धाकूच्या बापाला ठाऊक होता, आज्यालाही ठाऊक होता. टेकडीवरचा वड आणि किनाऱ्यावरचा वाकडा माड एका रेषेत आले, की सुकाणू डावीकडे मारायचं. झालं! खडक उजव्या हाताला राहायचा. इतकं साधं काम.

पण सरकारला साधं काम आवडत नाही. सात समुद्रांपलीकडून नकाशा काढायला एक समुद्रपक्षी आला. तो आला पौर्णिमेला, ऐन उधाणाच्या भरतीत. त्या वेळी खडक पुरता पाण्याखाली असतो. या पक्षीसाहेबांनी वरून एक घिरटी घातली, जेवण केलं आणि त्याच भरतीला परत गेले. नकाशा सुंदर झाला. त्यावर सिंहाची सही झाली. त्यात खाडीतून एक सरळ तांबडी रेघ होती, आणि त्या रेघेवरूनच होड्या न्याव्यात असा हुकूम निघाला. रेघ सोडली तर परवाना जप्त. कचेरीचा शिरस्तेदार, म्हणजे मोठा कारकून, होता पांढरपट्टे नावाचा बगळा. तो दुर्बीण लावून किनाऱ्यावर एका पायावर उभा राहायचा आणि कोण रेघ सोडतं ते बघायचा.

धाकू म्हणाला, “अहो शिरस्तेदार, त्या रेघेवर खडक आहे!”

पांढरपट्ट्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “कुठाय? दाखव.”



दशमीच्या दिवशी धाकू बारा उतारू घेऊन पलीकडच्या बाजाराला निघाला. वड आणि माड एका रेषेत आले. धाकूचा हात सुकाणूवर शिवशिवला. किनाऱ्यावर दुर्बीण चमकली. धाकूने डोळे मिटले आणि रेघेवरून मचवा सरळ नेला.

धाडकन आवाज झाला! ‘दर्यादौलत’ फुटली आणि तळाला गेली. नशीब की खडक तिथेच होता, म्हणून बाराही जण त्यावर चढून बसले. त्यांत तानीबाई नावाची एक म्हातारी कोंबडी होती. बाकी शेळ्या, ससे आणि एक घाबरट, काटेरी साळू. धाकू पोहत किनाऱ्यावर आला आणि धापा टाकत म्हणाला, “होडी द्या कुणीतरी! माणसं अडकलीत!”

मुलांनो, कथेत प्राणीसुद्धा एकमेकांना माणसंच म्हणतात. मध्ये मध्ये शंका काढू नका.

धाकूच्या भावाने होडी पाण्यात लोटलीसुद्धा. तेवढ्यात पांढरपट्टे दोन्ही पाय टेकून धावत आले. “खबरदार! हा नौकाभंग आहे. नौकाभंगाच्या जागेवरची कोणतीही वस्तू चौकशी पुरी होईपर्यंत हलवायची नाही.”

“अहो, ती वस्तू आहे का? ती तानीमावशी आहे!” धाकूचा भाऊ म्हणाला.

“कायद्यात ‘वस्तू, प्राणी व इतर’ असं लिहिलंय. मावशी ‘इतर’मध्ये येतात.” आणि त्यांनी धाकूचा परवाना काढून घेतला.

धाकूची बायको भागी हिशेबाने बोलणारी नव्हती, तोंडावर बोलणारी होती. ती म्हणाली, “मग करा की चौकशी आत्ता! पौर्णिमेला पाच दिवस राहिलेत. दुपारच्या भरतीला खडक बुडतो. तेव्हा कुणाची चौकशी करणार, माशांची?”

सगळे लाटसाहेबांकडे गेले. लाटसाहेब कळवळले. ते मनाने वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, “मी चौकशी करू शकत नाही. मला फक्त नेमणूक करण्याचा अधिकार आहे.”

“मग शिरस्तेदार करतील,” भागी म्हणाली.

“मला फक्त लिहिण्याचा अधिकार आहे,” पांढरपट्टे म्हणाले.

एक म्हातारं कासव पुढे आलं. “साहेब, मी शंभर वर्षं या पाण्यात आहे. मला नेमा.”

लाटसाहेबांनी मान हलवली. “नाही नाही. तुम्हाला समुद्राची माहिती आहे. माहिती असली की मत होतं, आणि मत झालं की निःपक्षपातीपणा गेला. आम्हाला असा अधिकारी हवा, ज्याने समुद्र पाहिलेलाच नाही.”

असा एकच होता. वाळवंटातला उंट. सरकारी गॅझेटात त्याचं नाव छापून आलं आणि डाक सुटली.

इकडे खडकावर जागा कमी पडू लागली. दर भरतीला पाणी वर चढायचं. शेळ्या कडेला उभ्या राहायच्या, ससे त्यांच्या पाठीवर आणि तानीबाई सगळ्यांच्या वर. तिथून ती किनाऱ्याकडे बघून शिव्या घालायची. त्या वाऱ्यावर अगदी स्पष्ट ऐकू यायच्या. पांढरपट्ट्यांनी त्या लिहून घ्यायला सुरुवात केली होती, पण कागद संपले.

भागी रोज ओहोटीच्या ओढीत शहाळी सोडायची. ती वाहत वाहत खडकाला लागायची. पांढरपट्टे म्हणाले, “हे काय चाललंय?” भागी म्हणाली, “माडावरून पडतात, पाणी नेतं. पाण्याला नोटीस काढा.”

धाकू मात्र जेवेना. “रेघ सोडली असती तर परवाना गेला असता, एवढंच ना?” तो म्हणायचा. “बारा जीव तर घरी असते. मी भ्यालो गं भागी. मला सगळं ठाऊक होतं आणि मी भ्यालो.” आणि ढसाढसा रडायचा.

चतुर्दशीला दुपारी उंटसाहेब पोचले. एवढं पाणी बघून ते आधी जरा दचकले. मग वाळू दिसली, तसे सावरले. किनाऱ्यावर खुर्ची मांडली. नकाशा उघडला. त्या दुपारच्या भरतीला कडेच्या शेळ्यांच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं. आता ते उतरत होतं. उद्या ते सगळ्यांच्या डोक्यावरून जाणार होतं.

“कशावर आपटलास?” उंटसाहेबांनी धाकूला विचारलं.

“खडकावर, साहेब.”

“नकाशात खडक नाही.”

“पण साहेब, तो बघा ना! समोर! त्यावर बारा जण बसलेत!”

उंटसाहेबांनी मान लांब केली. त्यांची मान लांब होतीच. त्यांनी खडक पाहिला, मग नकाशावरची सिंहाची सही पाहिली. नकाशा चुकला म्हणावं तर सही चुकली. सही चुकली म्हणावं तर ज्या सहीने आपली नेमणूक झाली ती? उंटसाहेबांना वाळवंटात कधी फुटला नव्हता असा घाम फुटला.

“खडक नाही,” ते ठामपणे म्हणाले. “लिहा, शिरस्तेदार.”

धाकू उसळला. “हे खोटं आहे! मी वर दाद मागेन! मी सात समुद्रांपलीकडे—”

भागीने त्याची शेपटी दाबून त्याला खाली बसवलं. मग पदर सावरून ती पुढे झाली आणि कधी बोलली नव्हती इतकं गोड बोलली.

“साहेब, अगदी बरोबर. खडक नाही. म्हणजे मचवा आपटलाच नाही?”

“अर्थातच नाही.”

“म्हणजे बुडाला नाही?”

“आपटल्याशिवाय कसा बुडेल?”

“मग नौकाभंग झाला नाही. मग नौकाभंगाची जागाही नाही. मग तिथलं काही हलवायचं नाही, हा कायदाही तिथे लागू नाही. होय ना?”

उंटसाहेबांचा चेहरा खुलला. एका दुपारीत चौकशी संपत होती! “मुळीच लागू नाही.”

“आणि ह्यांचा परवाना?”

“न बुडालेल्या मचव्याबद्दल परवाना कसा जप्त करणार? देऊन टाका.”

“आणि पाण्यात उगीच फिरून यायला हरकत नाही ना?”

“मनाई नाही.”

पांढरपट्टे हळूच पुटपुटले, “साहेब, पण मग मचवा आहे कुठे?”

“बुडालेला नाही, म्हणजे तरंगतोय,” उंटसाहेब म्हणाले. “कुठे तरंगतोय, हे बघणं आमच्या अधिकारात नाही.”

धाकूने परवाना दातात धरला आणि भावाच्या होडीत उडी मारली. वड आणि माड एका रेषेत आले, सुकाणू डावीकडे गेलं आणि होडी खडकाच्या कुशीला अलगद लागली. दिवेलागणीच्या आत बाराही जण किनाऱ्यावर होते. साळूने धाकूला मिठी मारली. धाकू ओरडला, पण आनंदाने. तानीबाईने उतरल्या उतरल्या उंटसाहेबांकडे बघून तोंड उघडलं, पण भागीने त्यात पटकन केळं कोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण आलं. खडक पाण्याखाली गेला आणि नकाशा बरोबर ठरला. लाटसाहेबांनी सिंहाला कळवलं, ‘यंदा आपल्या राज्यात एकही नौका बुडाली नाही.’ उंटसाहेबांना बढती मिळाली. समुद्र आता त्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांना पुढे डोंगरकड्यांच्या चौकशीवर नेमलं.

‘दर्यादौलत’चं नाव कचेरीच्या वहीत अजून आहे. दरवर्षी तिची कागदावर तपासणी होते आणि ती दरवर्षी पास होते. बाकीच्या होड्यांच्या फळ्या सुटतात, शिडं फाटतात, तिचं काहीच बिघडत नाही. गेल्या वर्षी सरकारने तिला खाडीतली सर्वांत सुरक्षित नौका म्हणून पदक दिलं. धाकूने पदक हातात घेतलं, लवून मुजरा केला आणि होडीतून खाडीच्या मधोमध जाऊन ते पाण्यात सोडलं. ज्याचं त्याला पोचवायला नको?

तात्पर्य : खडक चुकवायला तांडेल लागतो, पण खडक नाहीसा करायला सरकारी नेमणूकच लागते. म्हणून मुलांनो, पोहायला शिकण्यात वेळ घालवू नका. आणि सरकार खोटं बोलत असेल तेव्हा त्याला अडवू नका. आधी नीट विचारून घ्या, त्या खोट्यात होडी जाते का.