अक्कांचा पहिला प्रश्न

आमच्या अक्का कुणालाही "कशी आहेस" असं विचारत नाहीत. लग्नाचा मांडव असो की दहाव्याचा दिवस, समोर बाई आली की अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोट साफ व्हस ना?" आणि तोही हळू नाही. अक्कांचा आवाज केळीच्या मळ्यात या टोकाहून त्या टोकाला हाका मारून तयार झालेला आहे.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. लोणखेड्यात आमची दोन घरं एका भिंतीला पाठ लावून उभी आहेत. त्यांच्याकडे भाकरी थापली की माझ्याकडे कळतं, आणि माझ्याकडे भांडं आपटलं की त्यांच्याकडे.

माझ्या भाचीचा साखरपुडा नंदुरबारला होता. मुलाची आई मोठ्या घरची, भरजरी साडीतली, फार न बोलणारी. तिच्याशी काय बोलायचं याची मी घरून तयारी करून गेले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात अक्कांनी तिचा हात धरला आणि प्रश्न टाकला. मांडवातल्या आमच्या बाजूच्या सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. मी तर मनातल्या मनात सोयरीक मोडलेलीही पाहिली. पण त्या बाईने इकडेतिकडे बघितलं, अक्कांना खांबामागे ओढलं, आणि जेवणाच्या पंगती बसेपर्यंत दोघी तिथेच. निघताना ती अक्कांच्या गळ्यात पडली. मला नुसता नमस्कार केला, तोही घाईत.

खरं सांगायचं तर मी अक्कांवर जळते. नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हापासून जळते. मी शिकलेली, नीट बोलणारी, माझ्या घरात कपबश्यांचा संच कपाटात मांडलेला. आणि बायका जातात कुणाकडे? मागच्या दाराने अक्कांकडे. अक्का त्यांची खालची पापणी ओढून रक्त बघतात, नखं दाबून बघतात, आणि विचारतात, "सकायपासून काय खादं?" बाईने "च्या आनि टोस" असं म्हटलं की अक्का कपाळाला हात लावतात. "मंग रडाले येवावच ना वं. उपाशी पोटले काय हासाले येई?"

अर्ध्या गावाच्या दह्याचं विरजण अक्कांच्या घरून गेलेलं आहे. कुणाच्या घरी दही बिघडलं तर अक्का आधी दुधाची नाही, त्या बाईची चौकशी करतात.

त्यांचे केस अजून काळे. दुपारी पाठ टेकली की भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं. मी इकडे छताकडे बघत पडलेली. त्या घोरण्यावरसुद्धा मी जळत असे.

कारण माझी झोप गेली होती. चाळिशी सरताना पाळी वेडीवाकडी झाली. मध्येच अंगातून वाफ निघायची. पोट फुगून ढोलासारखं, चव कशालाच नाही. एकदा मेथी निवडता निवडता मला रडू यायला लागलं ते थांबेचना. मेथीचं काहीच चुकलं नव्हतं. मग रोजच यायला लागलं. ह्यांचा डबा भरून दिला की मी स्वयंपाकघरात फरशीवर बसायची आणि ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत तशीच. हे शाळेतून आले की म्हणायचे, "जरा बाहेर पडत जा, बरं वाटेल." बाहेर पडायला आधी उठावं लागतं, हे त्यांना कसं सांगणार?

आणि अक्कांना तर मी मुळीच सांगणार नव्हते. गावभर बायका तिकडे जातात, निदान मी तरी जाणार नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती.

एक दिवस अक्काच माझ्या मागच्या दाराने आत आल्या. मी फरशीवर. त्यांनी मला काही विचारलं नाही, आधी मोरीतली भांडी बघितली.

"सकायपासून काय खादं?"

"पोहे," मी म्हणाले.

"पोहेनी कढई कोठे शे?"

मोरीत चहाचा एक कप होता.

अक्का माझ्याजवळ खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या कधी खाली बसत नाहीत. माझी पापणी ओढली, बघितलं, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, "रेखा, कधीपाईन असं चाली ऱ्हायनं?" उत्तराला त्या थांबल्या नाहीत. घरी गेल्या आणि वाडग्यात ताक घातलेली नागलीची आंबील घेऊन आल्या. मी सगळी पिईपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवर थाप पडायची, की मागोमाग वाडगा. कधी आंबील, कधी मुगाचं कढण, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर दही. मी खाल्लं नाही तर अक्का भांडायच्या नाहीत, बसून राहायच्या. त्यांना घालवायला म्हणून मी खायची.

पण नुसत्या आंबिलीवर त्या थांबल्या नाहीत. मला बसमध्ये घालून नंदुरबारला एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना माझा नंबर लागायच्या आत माझी पाळी, माझं पोट आणि माझं रडणं माहीत झालं होतं. मी पदरात तोंड लपवलं. थोड्या वेळाने पदराआडून बघते तर त्या बायका आपापली पोटं अक्कांना सांगत होत्या.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद समोर ठेवले. रक्त कमी, बी बारा कमी, थायरॉईड मंद, वरून पाळी जायचे दिवस. "एकामुळे दुसरं वाढतं," त्या म्हणाल्या. "पोट नीट नसलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हार्मोन हलले की झोप जाते, झोप गेली की मन खचतं. तुम्ही आळशी नाही आहात. आजारी आहात." हे शेवटचं ऐकून मी तिथेच रडले. त्यांनी रक्ताच्या, थायरॉईडच्या गोळ्या दिल्या, आणि मनासाठीही एक गोळी दिली, काही महिने बंद करायची नाही असं बजावून.

मी अक्कांना विचारलं, "मनाची गोळी कशाला? तुमची आंबील आहे ना?"

"आंबील आंबीलनं काम करी, गोयी गोयीनं," अक्का म्हणाल्या. "दोन्ही घेनं." मग डॉक्टरांकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही सकायपासून काय खादं?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी नुसती कॉफी घेतली होती. मग पुढचा सगळा वेळ त्या अक्कांशीच बोलल्या. आजारी मी होते, पण जाताना त्यांनी दारापर्यंत पोचवलं ते अक्कांना.

हळूहळू फरक पडला. आधी झोप आली. मग एका सकाळी मला भूक लागली, आणि भूक लागली हे मी ह्यांना अशा आवाजात सांगितलं की ते घाबरून उठले. भिंतीवरची थाप ऐकायला मी आधीच जागी असायची. अक्कांवर जळणं थांबलं होतं. त्या माझ्या झाल्या होत्या.

पुढे ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हणून मी शेजारच्या शबानाभाभींकडे गेले. त्यांच्या मशीनशेजारी स्टीलचा वाडगा होता, तळाला आंबील सुकलेली. मी तो वाडगा ओळखला. त्याचा जोडीदार रोज माझ्याकडे येत होता.

"अक्का लाती हैं," शबानाभाभी म्हणाल्या. "जब से मेरा बच्चा गया, रोज."

त्यांचं मूल पोटातच गेलं होतं, हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी मी जळले.

दुपारी अक्का मागच्या ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होत्या. मी शेजारी बसले आणि फुगून म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनाच आंबील देता."

"मंग? तुले काय वाटनं, तू एकलीच उपाशी शे?"

मीही थोड्या मिरच्या पुढ्यात ओढल्या. मग त्यांनी मला रतनबद्दल सांगितलं. रतन त्यांची धाकटी बहीण. इतक्या वर्षांत हे नाव मी त्या घरात ऐकलेलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी आल्या होत्या. रतन बाळंतपणातून उठून काही महिनेच झाले होते. "मी इचारं, कशी शे वं? ती बोलनी, चांगली शे. मी मानी लिधं." अक्कांनी एक मिरची हातात तशीच धरली. "तिना ताटमा पुरनपोयी तशीच पडेल व्हती. मीच उचलीसन गायले टाकी दिधी. माले समजनं नही."

पावसाळ्यात रतनच्या सासरहून निरोप आला. ती विहिरीत सापडली होती. लोक म्हणाले पाय घसरला. अक्कांनी ते कधीच मानलं नाही.

"बाईले मन कसं शे इचारं ते ती चांगलं शे म्हनस," अक्का म्हणाल्या. "पोटनं इचारं ते खरं सांगस. आनि पोटनं सांगता सांगता बाकीनंबी येस."

त्यानंतर आखाजीला त्या माहेरी गेल्या नाहीत. भाऊ बोलवायचा, मग त्याने बोलवणं सोडलं. आम्ही सगळ्या जावा, सुना आपापल्या माहेरी जायचो, तेव्हा अक्का एकट्या घरी. मला वाटायचं, सासूबाईंच्या नजरेत चांगलं दिसण्यासाठी राहतात. त्याचाही मी हेवा केला होता.

या आखाजीला मी त्यांना माझ्या माहेरी, प्रकाशा गावी घेऊन गेले. नको नको म्हणत होत्या. मी त्यांच्यासारखीच दारात बसून राहिले, मग उठल्या.

माझी माय कानाने अधू आहे. अक्कांनी पाया पडून आपला प्रश्न विचारला, मायला ऐकू जाईपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारावा लागला, आणि शेवटी गल्लीने ऐकला. मायने उत्तर दिलं ते सविस्तर. मग तिने अक्कांना पहिल्या पाटावर बसवलं. खापरावरची पुरणपोळी वाढली, आमरस वाढला, आणि शेजारीच बसली.

अक्का ताटाकडे बघत राहिल्या. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही.

"खाय बेटी," माय म्हणाली. "मी आठेच बठेल शे."

अक्का जेवल्या. मान वर न करता, सावकाश, ताट रिकामं होईपर्यंत. मायने विचारलंही नाही, दुसरी पोळी वाढली. ती माझ्या वाटणीची होती. मी मायची सख्खी मुलगी, पण मला तिने बेटी म्हटलेलं आठवत नाही. ती मला रेखी म्हणते.

जेवणानंतर मायने अक्कांना निंबाला बांधलेल्या आखाजीच्या झोक्यावर बसवलं. आधी त्या लाजल्या, मग दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला. मी मागून लोटायला लागले. दोर करकरत होता. अक्कांचे डोळे मिटलेले होते, आणि गालावरून पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

खाटेवरून माय ओरडली, "हळू लोट वं रेखी, तिनं पोट भरेल शे."

माझंही भरलेलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. मी हळू लोटत राहिले.