सगळ्या खिडक्या काळ्याच

"जेवणाआधी आटपते! संध्याकाळची गाडी काही चुकत नाही," ताईंनी फोनवर नवऱ्याला ठासून सांगितलं. बहिणीचं बाळ उपडं वळायला लागलं, तरी या मावशीने त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. आज मात्र नक्की!

काम तरी काय होतं? कचेरीतल्या नव्या लिनक्स सर्व्हरवर हिशेबाची भलीमोठी प्रणाली बसवायला दुपारी इंजिनिअर येणार होता. त्याआधी, त्याने पाठवलेल्या सूचनांप्रमाणे, तिला लागणारी सॉफ्टवेअरची लहानसहान पॅकेजेस ताईंनी टाकून ठेवायची. बस्स!

पहिल्या पॅकेजने दुसरं मागितलं, दुसऱ्याने तिसरं. तिसरं तर रुसलेल्या जावयासारखं अडून बसलं: आधी माझ्या जुन्या भावाला, त्या मागच्या आवृत्तीला, घराबाहेर काढा, मगच पाऊल टाकीन! ताईंनी भावाला काढलं. टेबलाखाली त्यांचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता.

"अगं, खिडक्यांना वेगवेगळे रंग तरी दे," जेवायला निघालेली कचेरीतली मैत्रीण संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडक्यांकडे बघून म्हणाली. "कुठला सर्व्हर कुठला, कळतं तरी का तुला?"

"रंग धांदरटांना लागतात!"

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "अगं, दाराला कार्ड लागत नाहीये!"

"पुसून लाव."

"सगळ्यांची पुसून झाली! साहेबांनी तर टायने पुसलं!"

काचेच्या दाराबाहेर ही गर्दी! साहेब हातवारे करत होते. ताईंनी सवयीने दाराची कार्डं तपासणारा सर्व्हर बघायला खिडकी बदलली, आणि कपाळावर हात मारला. ही खिडकी नव्या सर्व्हरची होती, कोरी करकरीत! म्हणजे सकाळपासून सगळं रामायण घडलं ते दाराच्या सर्व्हरवर. आणि दार चालत होतं ते त्या हाकललेल्या भावाच्या जिवावर!

ताईंनी भावाला परत बोलावणं धाडलं, म्हणजे त्याचं डाउनलोड लावलं. तो गोगलगाईवर बसून निघाला.

शेवटी पहारेकऱ्याने बाहेरून किल्लीने दार उघडलं. सगळे आत आले, सोबत इंजिनिअरही.

"नव्या सर्व्हरवर अजून काहीच टाकलेलं नाही," ताई खालमानेने म्हणाल्या.

"टाकायचं कशाला? प्रणालीची नवी आवृत्ती सगळं सोबत घेऊनच येते."

"मग तुमच्या त्या सूचना?"

"त्या जुन्या आवृत्तीच्या. बदलायच्या राहिल्या वाटतं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

ताईंना त्याचा गळा धरावासा वाटला. पण घड्याळाकडे बघत त्यांनी हात आवरले. म्हणजे आपलं काम झालंसुद्धा! गाडीला वेळ होता! भाऊ अजून वाटेतच होता. "तो आला की बसवून टाक, बाई!" असं मैत्रिणीला सांगून पर्स खांद्याला लावत ताई धावल्या. बाहेर नवरा दोन्ही बॅगा घेऊन हजर! ताईंनी ऐटीत कार्ड लावलं.

लाल दिवा.

"अहो, पहारेकरी कुठंय?" त्या काचेला नाक लावून ओरडल्या.

"तो मघाशीच घरी गेला. पाळी संपली त्याची."

"आणि किल्ली?"

"तीही त्याच्याबरोबर गेली," नवऱ्याने सांगितलं. मग हताशपणे बॅगेवर बसकण मारली. "जेवणाआधी आटपते म्हणाली होतीस ना?"

"हो, पण दुपारच्या की रात्रीच्या," ताई काचेमागून पुटपुटल्या, "ते कुठे सांगितलं होतं!"