मुख्य खजिनदारांची पांढरी काठी

सर अँब्रोज थर्लबी यांना राजेसाहेबांनी राज्याचे मुख्य खजिनदार नेमले आणि त्याच दुपारी त्यांच्या घरात पहिला पेच पडला. काठी ठेवायची कुठे?

काठी म्हणजे काही फिरायला जायची काठी नव्हे. माणसापेक्षा उंच, बोटाएवढी बारीक आणि दुधासारखी पांढरी अशी ती काठी राजेसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिली होती. ज्याच्या हाती ती काठी तो मंत्री. बाकीचे कागद मागाहून आले तरी चालतात. लोकरीच्या व्यापाऱ्याच्या पोराच्या हाती ती आलेली पाहून आमचा अख्खा स्ट्रँड रस्ता थक्क झाला होता, आणि सगळ्यात जास्त थक्क झाले होते खुद्द सर अँब्रोज.

"कोपऱ्यात उभी करा की," त्यांच्या पत्नी डॉर्कसबाई म्हणाल्या.

"कोपऱ्यात? अगं, कोपऱ्यात झाडू असतो!"

"मग टेबलावर आडवी ठेवा."

"आडवी नाही नि तिरपी नाही. राजेसाहेब सोडून कुणापुढे वाकवायची नाही ती."

शेवटी काठी पलंगाच्या खांबाला रेशमी फितीने बांधली गेली. नवराबायको त्या रात्री तिच्यासमोर कुजबुजतच बोलले.

सकाळी राजवाड्यात शपथ घ्यायची होती. रीतीप्रमाणे घरचा जुना कारभारी हॉबडे बोडक्याने काठी घेऊन पुढे निघाला, आणि मागे नवा मखमली झगा सावरत सर अँब्रोज. बाहेर आम्ही सगळे हॅट काढून उभे. अडचण एकच होती. थर्लबींचे घर जुने, दार बुटके. त्या दारातून आजवर प्रत्येक जण वाकूनच जात आला होता.

"हॉबडे, जरा तिरपी कर," डॉर्कसबाई हळूच म्हणाल्या.

"नाही बाईसाहेब. ती वाकायची नाही. मी वाकतो."

हॉबडे चक्क उकिडवा बसला. काठी दोन्ही हातांनी सरळ धरून, बदकासारखा एकेक पाऊल सरकत तो चौकटीखाली आला. रस्त्यावर कुणी श्वास घेईना. काठीचे टोक चौकटीला घासत, घासत पुढे गेले. आता निघाली म्हणून म्हातारा हर्षाने ताठ उभा राहिला. जरासा लवकरच राहिला. टोक वरच्या खाचेत अडकले होते.

कट्कन आवाज झाला आणि काठीचे दोन तुकडे झाले.

आता ही पांढरी काठी केव्हा मोडतात ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. राजा मेला की मोडतात. एरवी नाही.

"गेले!" मासळीवाली मॉल टोपली टाकून गुडघ्यांवर बसली. "आपले राजेसाहेब गेले गं बाई!"

"अहो, नाही! चौकट... ती चौकट..." सर अँब्रोज ओरडले.

"बघा," कुणीतरी हळहळले, "दुःखानं काहीबाही बरळतोय बिचारा."

पुढचे सगळे आपोआप घडत गेले. चर्चच्या सेवकाने मृत्यूची घंटा वाजवायला घेतली. कापडवाल्याने काळे कापड बाहेर काढले. समोरच्या घरात दरबाराचे मुख्य मानकरी लॉर्ड वॉर्नफर्ड राहत. त्यांच्याकडेही अशीच एक काठी होती. घंटा ऐकून ते खिडकीत आले, खालचे तुकडे पाहिले आणि रीतीला जागून त्यांनी आपली काठी गुडघ्यावर मोडली. जुनी काठी चिवट होती, दोनदा आपटावी लागली. मग घोडा मागवून ते जे सुटले ते थेट राजेसाहेबांच्या धाकट्या भावाच्या महालाकडे. नव्या राजाचे पहिले अभिनंदन करायला नको?

"अहो," डॉर्कसबाईंनी नवऱ्याची बाही धरली, "राजा मेल्याची आवई उठवली तर काय शिक्षा असते?"

"मुंडकं उडवतात."

"आणि ही आवई उठली कुणाच्या दारातून?"

सर अँब्रोजांचा हात मानेवर गेला.

"मग उभे काय राहताय! राजेसाहेब मेल्याचं त्यांना दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तुम्ही जाऊन सांगा!"

रस्त्यात रडणाऱ्यांची गर्दी, म्हणून त्यांनी होडी केली. नावाडी वल्ही मारत हुंदके देत होता.

"काय राजा होता हो!"

"अरे, आहे! अजून आहे!"

"आहेच की साहेब. आपल्या काळजात आहे."

राजवाड्यात पाऊल टाकले आणि सर अँब्रोजांच्या अंगावर काटा आला. ज्या दालनांत एरवी पाय ठेवायला जागा नसे, तिथे चिटपाखरू नव्हते. वॉर्नफर्डांच्या माणसाने बातमी आणली होती आणि सगळे दरबारी धाकट्या भावाकडे धावले होते. बंद दाराआडचा मेलेला राजा बघायला कुणाला सवड होती?

आत, खिडकीशी राजेसाहेब झोपण्याच्या अंगरख्यातच बसून मटण भरलेली पेस्ट्री खात होते. पायाशी कुत्रा होता.

"थर्लबी, आज मला कपडे चढवायलाही कुणी आलं नाही. आणि या घंटा कुणासाठी?"

"आपल्यासाठी, महाराज."

सर अँब्रोजांनी गुडघे टेकले, दोन्ही तुकडे जमिनीवर ठेवले आणि चौकटीपासून नावाड्यापर्यंत सगळे सांगून टाकले. मग मान खाली घालून वाट पाहत राहिले.

"लोक रडतायत?" राजेसाहेबांनी विचारले.

"रस्ताभर, महाराज. मासळीवालीनं तर टोपली फेकली."

"आणि वॉर्नफर्ड?"

"ते... आपल्या धाकट्या बंधूंकडे गेले."

"रडत?"

"घोड्यावरून, महाराज."

राजेसाहेब आधी हसले आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"मी मेल्यावर माझ्याकडे आलेला तू एकटाच रे, थर्लबी," ते म्हणाले. त्यांनी वाकून, स्वतः वाकून, काठीचा आखूड तुकडा उचलला आणि सर अँब्रोजांच्या हाती दिला. "हीच वागव. ही कुठल्या दारात अडकायची नाही."

मग राजेसाहेब अंगरख्यातच गच्चीवर आले. खाली नदीवर बातमी ऐकून जमलेल्या शेकडो होड्या, एकीत मीही, आणि त्यांतली माणसे मेलेला राजा उभा पाहून जागच्या जागी गुडघ्यांवर बसली. तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

संध्याकाळी सर अँब्रोज घरी आले. डॉर्कसबाईंनी आधी त्यांचे डोके जागेवर आहे ना ते पाहिले, मग त्या रडल्या. आणि मग त्यांचे लक्ष त्या वीतभर तुकड्याकडे गेले.

"एवढीच?"

सर अँब्रोज मात्र दाराकडे बघत होते. दार राहिलेच नव्हते. दिवसभर सुतार आणि गवंडी लावून बाईंनी चौकट काढून, वरची भिंत पाडून, पार माडीच्या खिडकीपर्यंत भगदाड केले होते.

"म्हटलं, नवी काठी मिळाली तर पुन्हा मोडायला नको," त्या म्हणाल्या.

हॉबडे पुढे झाला. त्याने तो तुकडा दोन्ही हातांत घेऊन उंच, सरळ धरला. आम्ही पुन्हा हॅट काढल्या. आणि हत्ती जाईल एवढ्या त्या दारातून म्हातारा सवयीने वाकूनच आत गेला. त्याच्यामागून मुख्य खजिनदारही वाकून गेले.