बाविसाव्या अध्यायापर्यंत

रविवारी दुपारी तीन वाजता धम्मशीला शेजारच्या ट्रेव्हरला बायबलवरचे भाष्य वाचून दाखवायला बसली, की तो आधी एकच विचारायचा.

"बावीस आला का, माय लव्ह?"

ब्रिस्टलमध्ये बसचा ड्रायव्हरही 'माय लव्ह' म्हणतो, त्यामुळे त्यात वावगे काही नव्हते. वावगे होते ते धम्मशीलाच्या उत्तरात.

"अजून नाही. आज पाचवा संपेल."

"सावकाश," ट्रेव्हर म्हणायचा आणि चाचपत बिस्किटांचा डबा पुढे सरकवायचा. त्या डब्याशेजारी, त्याच कपाटावर, अगदी तसल्याच हिरव्या डब्यात त्याची बायको मॉरीन होती. फेब्रुवारीत ती गेली तेव्हापासून. ट्रेव्हरला आता कडेकडेचे तेवढे दिसे, समोरचे नाही. त्यामुळे बिस्कीट घेण्याआधी धम्मशीला दर वेळी झाकण नीट पाहून घ्यायची.

धम्मशीला एकावन्न वर्षांची, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. विमानाच्या पंखातल्या धातूला किती ताणल्यावर तडा जातो, हे मोजण्यात तिची पंचवीस वर्षे गेली होती. ती बौद्ध होती. बायबलशी तिचा संबंध हॉटेलच्या खोलीतल्या ड्रॉवरपुरता. पण मार्चमध्ये ट्रेव्हर कुंपणापाशी येऊन म्हणाला होता, "तू सायंटिस्ट आहेस. चांगलं काय आणि भंकस काय, ते तुला कळतं. मला एक चांगलं भाष्य शोधून दे."

अडचण अशी होती. मॉरीनचे ट्रेव्हरशी झालेले लग्न दुसरे. पहिला नवरा केन, मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला एक्केचाळीस वर्षे झाली. त्याच्या कबरीत एक जागा राखलेली होती आणि दगडावर नावापुरती मोकळी पाटी. केनची मुलगी ज्युडी बेसिंगस्टोकला राहायची. आईची राख वडिलांजवळ ठेवावी असे तिचे म्हणणे होते, आणि दफनभूमीचा फॉर्म मेच्या शेवटच्या रविवारपर्यंत भरायचा होता. ट्रेव्हरने तिला "चौकशी करतोय" असे सांगून ठेवले होते.

"हे बघ," तो धम्मशीलाला म्हणाला. "तिथं वर ती माझी असणार असेल, तर इथं केनला द्यायला माझी हरकत नाही. पण तिथं ती केनचीच असणार असेल, तर इथं तरी माझ्याजवळ राहू दे."

धम्मशीलाला या युक्तिवादात एकही चूक सापडली नाही.

लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली गोष्ट त्याला आठवत होती. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, बाविसाव्या अध्यायात. एका बाईचा नवरा मरतो, मग तिचे लग्न दिराशी होते, तोही मरतो, असे सात भाऊ होतात. मग लोक येशूला विचारतात, मेलेले पुन्हा उठतील तेव्हा ही कोणाची बायको? आणि तो म्हणतो, तिथे लग्नच नसते. माणसे देवदूतांसारखी असतात.

"देवदूतांसारखी म्हणजे कशी, हे मला कळत नाही," ट्रेव्हर म्हणाला. "मी प्लंबर होतो."

धम्मशीलाने नेहमीच्या पद्धतीने काम सुरू केले. लॅपटॉपवर तक्ता केला आणि तीन कसोट्या ठरवल्या. लेखकाला मूळ ग्रीक येते का? आपल्याशी न पटणाऱ्यांची मते तो सरळपणे मांडतो का? आणि जिथे माहीत नाही, तिथे 'माहीत नाही' असे लिहितो का?

पहिले भाष्य चॅरिटी शॉपमध्ये मिळाले, चामडी बांधणीचे, जुने. त्यात लिहिले होते, की मरणाबरोबर पृथ्वीवरची सारी नाती संपतात आणि ज्याला याचे दुःख होते त्याची श्रद्धा कच्ची. "टाइप फार बारीक आहे," असे सांगून धम्मशीलाने ते बाजूला ठेवले. दुसरे चर्चच्या धर्मगुरूंनी, व्हिकरबाईंनी, स्वतः घरी आणून दिले. पातळ, मुखपृष्ठावर हिरवे कुरण. त्याच्या मते वर सगळे सगळ्यांना भेटणार होते, पाळलेल्या कुत्र्यांसह. ते तिन्ही कसोट्यांत नापास झाले. तिसरे तिने मागवले. आठशे पाने. तिन्ही कसोट्यांत पहिल्या नंबराने पास. धम्मशीलाने समाधानाने बाविसावा अध्याय उघडला, चार पाने वाचली आणि पुस्तक मिटले.

लेखकाला माहीत नव्हते. त्याने तसे लिहिले होते.

हे ट्रेव्हरला कसे वाचून दाखवायचे? म्हणून त्या रविवारी ती म्हणाली, "भाष्य पद्धतशीर वाचायचं तर पहिल्यापासून वाचायला हवं." पहिला अध्याय म्हणजे बेचाळीस पिढ्यांची वंशावळ. ट्रेव्हरने ती भाष्यासकट ऐकली. अधूनमधून "बिचारा" म्हणाला.

तेवढ्या वेळात, चांगलेही आहे आणि धीरही देते असे एखादे भाष्य मिळेल, या आशेने तिने आणखी सहा मागवली. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची, म्हणून पार्सले पलीकडच्या गल्लीतल्या प्रणयच्या पत्त्यावर. प्रणय घरून काम करायचा आणि ब्रिस्टलमधल्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरीही होता. चौथे पार्सल फाटलेले आले. आतून मत्तय डोकावत होता. प्रणयने उरलेलीही चाचपून पाहिली. व्हिकरबाईंना ताईंच्या दारात त्याने एकदा पाहिलेच होते. संध्याकाळपर्यंत धम्मशीलाला वगळून एक नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी 'ताई ख्रिस्ती होणार' ही बातमी लंडनला, एजवेअरमध्ये राहणाऱ्या, समाजातल्या वडीलधाऱ्या भगवानकाकांपर्यंत पोचली.

मेचा शेवटचा रविवार उजाडला. अडीच वाजता बेल वाजली. दारात भगवानकाका, सुटाबुटात. मागे त्यांच्या पत्नी चंदाबाई, हातात चिवड्याचा डबा. त्यांच्या मागे गाडीची किल्ली फिरवणारी नात स्नेहल. आणि सगळ्यांच्या मागे, जमिनीकडे पाहणारा प्रणय.

"जय भीम, काका. अचानक?"

"जय भीम. बसून बोलू."

ते बसले. बसल्यावर त्यांना समोरच्या टेबलावर नऊ भाष्ये दिसली. काकांनी ती बोटाने मोजली.

"धम्मशीला, वडिलांचं बोट धरून मी नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा दहा वर्षांचा होतो."

"हो काका."

"तुला काही त्रास आहे का? एकटं वाटतं का? मंडळ आहे, आम्ही आहोत."

"काका, मी कुठेही चालले नाही. शेजाऱ्यांसाठी चांगलं भाष्य शोधतेय."

"एक चांगलं शोधायला नऊ लागतात?"

"चांगलं तिसऱ्यांदाच मिळालं. तीच तर पंचाईत आहे."

"ताई, व्हिकर पण येऊन गेली," प्रणय पुटपुटला.

काका त्याच्याकडे वळले. "पुस्तकं? नुसती पुस्तकं वाचतेय ती? अरे, बाबासाहेबांनी सगळ्या धर्मांचे ग्रंथ वाचले, मग ठरवलं. आणि तू एवढ्यासाठी मला एम-फोर हायवेवर तीन तास बसवलंस?"

"काका, तुम्हीच म्हणालात, उद्याच निघू."

"तू 'अर्जंट' लिहिलं होतंस!"

"आणि तीनदा," स्नेहल म्हणाली. "विथ सायरन इमोजी."

तेवढ्यात मागचे दार वाजले. तीन वाजून गेले तरी धम्मशीला आली नाही म्हणून ट्रेव्हरच कुंपण धरत धरत आला होता, काखेत हिरवा डबा घेऊन. प्रणयला काहीतरी चांगले करून दाखवायची घाई झाली होती. त्याने पुढे होऊन डबा दोन्ही हातांनी घेतला, "थँक यू सो मच" म्हणाला आणि चिवड्याशेजारी ठेवून झाकणाला हात घातला.

धम्मशीलाने पंचवीस वर्षांत कोणाच्या हातून वस्तू हिसकावली नव्हती. आज हिसकावली आणि डबा पुस्तकांच्या कपाटावर, उंच ठेवला.

प्रणयचा संशय पुन्हा जागा झाला. "ताई, काय आहे त्यात?"

"मॉरीन."

प्रणयने दोन्ही हात पँटला पुसले. मग पुसायला नको होते असे वाटून तसेच धरून ठेवले.

"पाच वाजता ज्युडीचा फोन आहे," ट्रेव्हर खुर्चीत बसत म्हणाला. "म्हटलं, मॉरीनही ऐकेल. शीला, आज बावीस. मधले जाऊ देत."

पळायला जागा उरली नव्हती. धम्मशीलाने जाड भाष्य उघडले. आवाज स्थिर ठेवायला तिने आकडे वाचतात तसे वाचले: विचारणाऱ्यांना उत्तर नकोच होते, सापळा लावायचा होता. या उताऱ्याचा विषय नवरा-बायकोचे प्रेम हा नाही. मरणानंतर दोन माणसे एकमेकांची कोण असतील, हे या ओळींवरून सांगता येत नाही. आणि मला ते माहीत नाही.



"हा माणूस किती वर्षं शिकलाय?" ट्रेव्हरने विचारले.

तिने मलपृष्ठ पाहिले. "चाळीस."

"आणि तुला कधीपासून माहीत होतं हे?"

"मार्चपासून," धम्मशीला म्हणाली. तिला मान वर करता येईना. "सॉरी, ट्रेव्हर."

"वंशावळ मला लांबवल्यासारखी वाटलीच होती," तो म्हणाला. रागावून नव्हे.

चंदाबाईंना दुकानातले इंग्रजी येई, पुस्तकातले नाही. त्यांनी नातीला कोपराने ढोसले. "काय झालं गं त्यांना?"

"आजी, त्याचा वाइफ... त्याची वाइफ गेली. तिला आधी एक हजबंड होता. तो पण गेला. आता तो विचारतो, वर गेल्यावर ती कोणाचा? कोणाची." मग स्नेहलने सात भावांची गोष्टही जमेल तशी सांगितली.

चंदाबाईंनी सगळे ऐकून घेतले. "मग त्या बाईला विचारलं का कोणी?"

"कोणत्या बाईला?"

"त्या सातजणांच्या. तिला काय हवं होतं ते."

धम्मशीलाने पुन्हा पुस्तक उघडले. चारही पाने पाहिली, तळटिपा पाहिल्या. त्या बाईला कोणी काही विचारले नव्हते आणि एवढ्या चांगल्या भाष्यकारालाही ते खटकले नव्हते. तिने तसे ट्रेव्हरला सांगितले.

"मीही नाही विचारलं," ट्रेव्हर म्हणाला. "छत्तीस वर्षांत. तिनं केनचं नाव काढलं, की मी उठून केटल लावायचो. तिला वाटत असेल, किती चहा पितो हा माणूस."

स्नेहलने हे आजीला सांगितले. चंदाबाईंनी मान हलवली.

"सगळे सारखेच. आमचे हे बघ. चार वर्षांचा संसार झाला होता माझा, पहिला नवरा गेला, मग ह्यांनी केलं माझ्याशी. प्रत्येक भाषणात सांगतात. विधवेशी लग्न केलं, टाळ्या. बावन्न वर्षं झाली. त्याचं नाव काय होतं, विचारलंत कधी?"

"व्हॉट?" स्नेहल म्हणाली. "आजी, तू मॅरीड होता?"

"भाषणाला पुढं बसून फोन बघतेस, म्हणून माहीत नाही तुला."

भगवानकाकांनी टाय सैल केला. "चंदा, तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं."

"मला, की तुम्हाला?"

काकांनी नऊ भाष्यांची चळत उगाच सरळ केली. मग हळूच म्हणाले, "काय होतं नाव?"

"आता चिवडा खा," चंदाबाई म्हणाल्या.

पाच वाजता ट्रेव्हरच्या खिशातला फोन वाजला. सगळे उठू लागले. त्याने हाताने बसा म्हटले.

"हां, ज्युडी. केली चौकशी. नाही, कोणालाच माहीत नाही. चाळीस वर्षं शिकलेल्यालाही नाही... ऐक. घेऊन जा तिला. तुझा बाप एक्केचाळीस वर्षं एकटा आहे तिथं. ते काय असतं, मला फेब्रुवारीपासून कळलंय." पलीकडून बहुधा रडण्याचा आवाज आला असावा, कारण तो थांबला. "शनिवारी ये. दुपारी ये हं. सकाळी आम्ही रेडिओ ऐकतो."

धम्मशीलाने डबा कपाटावरून काढून त्याच्या मांडीवर दिला. परत जाताना एका बाजूने प्रणयने त्याचा हात धरला होता. "पायरी आहे, सर," तो सांगत होता, जिथे पायरी नव्हती तिथेही.

चंदाबाई आणि स्नेहल गाडीत जाऊन बसल्या. भगवानकाका चष्मा विसरल्याचे निमित्त करून परत आत आले. चष्मा नाकावर होता.

"धम्मशीला, एक पुस्तक नेऊ का? आठवडाभर. प्रणय आणून देईल परत."

तिने जाड भाष्य उचलले. "हेच न्या. नवांत हेच चांगलं आहे."

"ते नको." काकांनी बाहेर नजर टाकली. "ते पातळ दे. कुरणाचं."

"काका, ते तिन्ही कसोट्यांत नापास झालंय. कशाच्या आधारावर लिहिलंय, तेही लेखक सांगत नाही."

"मी कुठं विश्वास ठेवतोय? दीक्षा घेतलेला माणूस आहे मी. नुसतं बघतो, काय म्हणतो तो."

बाहेर हॉर्न वाजला. "अहो, सापडला का चष्मा?"

"शोधतोय!" काका ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते, आधीचा नवरा असेल तर... ते कितव्या पानावर आहे?"

धम्मशीला मुळात अचूक बाई. "एकतीस," ती म्हणाली.

भगवानकाकांनी तीस वर्षे लंडनच्या बस चालवल्या होत्या. "एकतीस, एकतीस," असे त्यांनी बसचा नंबर पाठ करावा तसे दोनदा म्हटले, पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात घातले, वरून तिन्ही बटणे लावली आणि ताठ मानेने गाडीकडे गेले.